मदत हवी आहे: टॅलसची (घोट्यातल्या हाडाची) जखम एमआरआयमध्ये १८ मिमी, सीटीत ११ मिमी. कोणतं माप धरायचं?

घोटेबाज:
रुग्णाचा घोटा मुरगळून पाच महिने झाले, आतल्या बाजूचं दुखणं जात नाही. एक्स-रे तिन्ही साफ: समोरून, बाजूने आणि मॉर्टिस (पाय थोडा आत वळवून). १.५ टेस्ला एमआरआयच्या रिपोर्टमध्ये टॅलसच्या घुमटावर आतल्या कडेला, मधोमध १८ × १२ मिमीची जखम आणि 'तुकडा अस्थिर असू शकतो' असा शेरा. सीटीत तीच जखम ११ × ८ मिमी. सर्जनचा निर्णय मापावर अडलाय. कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा एमआरआय करावा का?

क्षकिरण:
आधी गणित बघा. लंबगोलाचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी × रुंदी × ०.७९. एमआरआयने १७१ चौ.मिमी येतं, सीटीने ७०. नुसतं मायक्रोफ्रॅक्चर (हाडाला बारीक भोकं पाडून जखम भरून आणणं) पुरेल का, यासाठी पूर्वी १५० चौ.मिमीची मर्यादा धरत. आता बरेच जण १००च्या आसपास थांबतात. म्हणजे एका मापाने रुग्ण मर्यादेच्या पार, दुसऱ्याने बराच आत.

फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबलेल्या) प्रतिमेवरचं सगळं पांढरं मोजलं गेलेलं दिसतंय. त्यात भोवतालच्या मज्जेतली सूजही येते, आणि ती महिनोन्महिने टिकते. हाडाचा खड्डा सीटीवर मोजा. मात्र सीटीला कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत अस्तर) दिसत नाही आणि ती हाडाच्या कडेपलीकडेही सुटलेली असू शकते, म्हणून कूर्चेचं माप एमआरआयवरूनच, वेगळं लिहून घ्या.

अस्थिरतेसाठी एमआरआयच्या टी-२ प्रतिमेवर (जिच्यात पाणी पांढरं दिसतं) तुकड्याखालची रेघ सांध्यातल्या पाण्याइतकी पांढरी आहे का, ते पाहा. थोडीशीच उजळ असेल तर ती भरून येणारी ऊतीही असू शकते. तुकड्याखाली ५ मिमीपेक्षा मोठी सिस्ट (द्रवाची पोकळी) असेल, तर शेऱ्यात दम आहे.

शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन इथे फारसं हाती लागणार नाही. कूर्चा फाटली आहे का हाच प्रश्न उरला, तर सीटी आर्थ्रोग्राम करा: सांध्यात सोडलेलं औषध तुकड्याखाली शिरलं की वरची कूर्चा तुटली आहे.

कॉइलवाला:
एमआरआय कसा काढलाय तेही तपासा. टॅलसची कूर्चा जेमतेम १ ते १.५ मिमी जाड. ४ मिमीची स्लाइस घुमटाच्या वळणावर हाड, कूर्चा, पाणी सगळं एकत्र कालवते. घोट्याची कॉइल (सिग्नल टिपणारं वेटोळं), १२-१४ सेमीचा एफओव्ही (प्रतिमेत येणारा भाग), जास्तीत जास्त ३ मिमी स्लाइस आणि तिन्ही प्रतलांत पीडी (प्रोटॉन डेन्सिटी) फॅट-सॅट एवढं हवंच. पाय काटकोनात असतो, त्यामुळे कडेला फॅट-सॅट फसतं आणि खोटी सूज दिसते. शंका आली तर स्टर (चरबी दाबायची दुसरी पद्धत) घ्या. त्यावर तिथे काहीच नसेल तर ती सूज बहुधा खोटीच.

घोटेबाज:
आभार! एमआरआयची स्लाइस ३ मिमी आहे. सीटीची १.२५ मिमी; चालेल?

क्षकिरण:
११ मिमीच्या मापाला चालेल, बारीक भेग मात्र निसटेल. मशीनवर कच्चा डेटा शिल्लक असेल तर ०.६ मिमी आणि बोन कर्नलने (हाडाच्या कडा ठळक करणाऱ्या फिल्टरने) पुन्हा प्रतिमा बनवून मिळतात, नव्याने किरण न देता. तो डेटा फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून आजच फोन करा. नवा सीटी करावाच लागला, तर पाऊल पूर्ण खाली ताणून घ्यायला सांगा. जखमेची पुढची कड टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) पुढे येते का, म्हणजे पुढून दुर्बीण घालून तिथवर पोचता येईल का, हे सर्जनला त्यातच कळतं.