थंडीतली कृतज्ञतेची वही: तेच ते लिहिलं जातं, काय करावं?

प्रश्न: ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी रोज वहीत लिहायच्या, पण 'ऊन, चहा, रजई' यापुढे गाडी सरकत नाही. उपाय?

उत्तर १: रोज नकोच, आठवड्यातून एकदा लिहा. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003च्या अभ्यासात एक गट आठवड्याला जास्तीत जास्त 5 गोष्टी लिहायचा, असे 10 आठवडे. आणि नुसतं 'ऊन' नको. 'सव्वाआठला खिडकीतून पाठीवर आलेलं ऊन' लिहा. तपशील गेला की वहीचं हजेरीपुस्तक होतं.

उत्तर २: त्यासाठी आधी उन्हात बसा की! सकाळी 20 मिनिटं, बाहेर. ढगाळ दिवसही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी उजळ असतो.

उत्तर ३: आणि रजईच्या जोडीला लिहायला एक नवी गोष्ट: झोपायच्या तासभर आधी 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटं पाय बुडवून बसा. रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर पडते, झोप लवकर लागते. बोटांच्या बेचक्या कोरड्या करून लगेच मोजे. ओलसर राहिल्या तर पाय उलट गारठतात. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका कळत नाही.