मल्टिकास्ट पाठवले जाते, पण मिळत नाही: कमांड लाइनवरून तपासावे कसे?

महापे_यंत्रशाळा:
नमस्कार. महापे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात तापमानाच्या नोंदी घेणारा एक लिनक्स संगणक त्या नोंदी २३९.१०.२०.३० या मल्टिकास्ट (एकदाच पाठवून अनेकांना पोहोचणाऱ्या) गटपत्त्यावर, पोर्ट ६००० वर, यूडीपीने (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवणार आहे आणि त्या अनेक संगणकांना एकाच वेळी मिळाव्यात अशी अपेक्षा आहे. प्रोग्रॅम लिहिण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून मी दोन्ही टोकांना नेटकॅट (नेटवर्कवरून मजकूर पाठवण्या-घेण्याची कमांड) लावून पाहिले. पाठवताना कोणतीही त्रुटी येत नाही, मात्र घेणाऱ्या संगणकावर काहीच उमटत नाही. टीसीपीडम्प (कार्डावर येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावला तरी पडदा कोराच राहतो. तोच मजकूर थेट त्या संगणकाच्या पत्त्यावर पाठवला तर तत्काळ पोहोचतो. घेणाऱ्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे आहेत, एक कार्यालयाच्या जाळ्यात आणि दुसरे यंत्रांच्या जाळ्यात. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) आहे. शोध कुठून सुरू करावा?

ऐरोली_पॅकेट:
मल्टिकास्ट पाठवणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. घेणाऱ्याला मात्र गटाचे सदस्यत्व मागावे लागते, आणि प्रचलित नेटकॅट ते मागत नाही, तो केवळ पोर्ट उघडून बसतो. आपल्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (आयजीएमपी या प्रोटोकॉलने आलेल्या सदस्यत्वाच्या मागण्या पाहून पॅकेट सोडणे) चालू असणार, त्यामुळे स्विचच्या ज्या पोर्टवरून (केबल लावायच्या जागेवरून) सदस्यत्वाची मागणी आली नाही तिकडे स्विच पॅकेट सोडतच नाही. टीसीपीडम्पही कोरा राहतो तो यामुळेच.

घेण्यासाठी सोकॅट (नेटकॅटसारखीच, पण गटाचे सदस्यत्व मागू शकणारी कमांड) वापरावे. कमांड देवनागरीत लिहितो, आपण रोमनमध्ये टंकावी:

सोकॅट यूडीपी४-आरईसीव्ही:६०००,आयपी-ॲड-मेंबरशिप=२३९.१०.२०.३०:१९२.१६८.५०.१२ एसटीडीआउट

शेवटचा पत्ता घेणाऱ्या संगणकाच्या यंत्रांकडील कार्डाचा असावा. तो चुकला, तर सदस्यत्वाची मागणी कार्यालयाच्या जाळ्यात जाते आणि आपण यंत्रांकडे कान लावून बसतो. पाठवण्यासाठी सोकॅटचाच यूडीपी४-डेटाग्राम हा प्रकार पुरतो. सदस्यत्व खरोखर लागले का, हे ‘आयपी एमॲडर शो’ या कमांडने कार्डनिहाय दिसते. प्रोग्रॅम लिहून झाल्यावरही ही तपासणी उपयोगी पडते.

महापे_यंत्रशाळा:
मनःपूर्वक आभार. नोंदी दिसू लागल्या. परंतु सुमारे चार मिनिटांनी त्या अचानक थांबतात, आणि सोकॅट बंद करून पुन्हा सुरू केले की पुन्हा येऊ लागतात. एमॲडरमध्ये गट तेव्हाही दिसत असतो.

ठाणे_वागळे:
हे लक्षण पाहिले की मी प्रथम क्वेरियर (सदस्यत्व अजून हवे आहे का, असे वेळोवेळी विचारणारा) शोधतो. सोकॅट सुरू होताना संगणक सदस्यत्वाची सूचना आपणहून पाठवतो. त्यानंतर मात्र कोणी विचारले तरच तो उत्तर देतो. विचारण्याचे काम सामान्यतः मल्टिकास्ट राउटर करतो. आपल्या यंत्रांच्या जाळ्यात तसा राउटर नसावा, म्हणून स्विच ठरलेला काळ वाट पाहून ते पोर्ट गटातून काढून टाकतो. आयजीएमपीच्या मूळ मूल्यांनुसार हा काळ १२५ सेकंदांची दुप्पट अधिक १० सेकंद, म्हणजे २६० सेकंद होतो, आणि आपली ‘चार मिनिटे’ त्याच्याशी जुळतात.

स्विचवर त्या व्हीलॅनसाठी (स्विचवरील वेगळ्या आभासी जाळ्यासाठी) आयजीएमपी क्वेरियर चालू करावा. काही स्विचना त्यासाठी त्या व्हीलॅनमध्ये आयपी पत्ता द्यावा लागतो. स्नूपिंगच बंद करूनही काम चालेल, पण मग प्रत्येक पोर्टवर सगळे पॅकेट आदळत राहतील. यंत्रांच्या जाळ्यात मी तसे करणार नाही.

ऐरोली_पॅकेट:
वरील निदान मला पटते. पुढे कधी टीसीपीडम्पमध्ये पॅकेट दिसले आणि सोकॅटला मिळाले नाही, तर स्विचला बोल लावू नये: टीसीपीडम्प फायरवॉल आणि आरपी-फिल्टर (पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडची वाट तपासणारी लिनक्सची चाळणी) यांच्या आधीच पॅकेट पाहतो. दोन कार्डांच्या संगणकात पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे जाणारी वाट दुसऱ्याच कार्डावरून असेल, तर कडक आरपी-फिल्टर ते पॅकेट निमूटपणे टाकून देतो.

पाठवणाऱ्या संगणकालाही दोन कार्डे असतील, तर आयपी-मल्टिकास्ट-आयएफ या पर्यायाने कार्ड ठरवून द्यावे. नोंदी पुढे राउटरपलीकडे न्यायच्या असतील, तर टीटीएल (प्रत्येक राउटरपाशी एकने घटणारा पॅकेटमधील आकडा) वाढवावा लागेल, कारण मल्टिकास्टसाठी तो मुळात १ असतो आणि पॅकेट पहिल्याच राउटरपाशी संपते. वेग मोजायचा झाल्यास आयपर्फ २ घ्यावे, आयपर्फ ३ मध्ये मल्टिकास्टची सोय नाही.

महापे_यंत्रशाळा:
क्वेरियर चालू केला. सोकॅट जेवणाच्या सुट्टीआधी लावले होते, ते अजून अखंड चालू आहे. आरपी-फिल्टर दोन्ही कार्डांवर तपासून घेतो.