मदत हवी आहे: लॅपटॉपमधून बारीक 'चीं' आवाज, सोलापूर

प्रश्न (लूमशेजारी)
पूर्व भागात राहतो, घराला लागूनच पॉवरलूम. लॅपटॉप १५.६ इंची, आय५, विंडोज ११, फक्त एसएसडी (फिरणारी हार्ड डिस्क नाही). कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून बारीक 'चीं' आवाज येतो. चार्जर लावला की वाढतो. वेबपेज वरखाली सरकवताना सूर बदलतो. स्पीकर म्यूट केला तरी तसाच. वॉरंटी संपली आहे. दुकानात मदरबोर्ड बदला म्हणताहेत. खरंच बदलावा लागेल का? असाच वापरला तर काही जळेल का?

सोल्डरगन
एवढ्यावरून मदरबोर्ड बदलू नका. लक्षणं कॉइल व्हाइनची, म्हणजे बोर्डवरच्या कॉइलच्या थरथरीतून येणाऱ्या आवाजाची आहेत. त्याने काही जळत नाही.

प्रोसेसरला साधारण १ व्होल्ट लागतो. तो तयार करणाऱ्या सर्किटमध्ये चौकोनी, करड्या रंगाच्या कॉइल असतात. त्यांचं स्विचिंग सेकंदाला काही लाख वेळा चालतं, ते कानाला ऐकू येत नाही. पण लोड कमी झाला की सर्किट वीज वाचवायला मधले ठोके गाळतं. प्रोसेसरही क्षणात झोपतो, क्षणात उठतो. ही उठबस २० हजार हर्ट्झच्या खाली आली की कॉइलची तार आणि शेजारचे सिरॅमिक कपॅसिटर थरथरतात, आणि तेच आपल्याला ऐकू येतं. चार्जरवर विंडोज आणि बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरला जास्त वीज घेऊ देतात, म्हणून तेव्हा आवाज मोठा.

तरी पंखा आधी वगळा. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातले सूर रेघांनी दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि माईक त्या कोपऱ्याजवळ धरा. पंख्याचा सूर हळूहळू चढतो-उतरतो, कारण पात्यांना वेग घ्यायला वेळ लागतो. ४० पात्यांचा पंखा मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर रेघ २६६७ हर्ट्झच्या आसपास दिसेल. माऊस हलवताक्षणी रेघ उडी मारत असेल तर ती कॉइलच. नंतर ब्राइटनेस १०० टक्के करा. आवाज तेवढ्यानेच थांबला तर दोष बॅकलाइटच्या (स्क्रीनमागच्या दिव्याच्या) सर्किटकडे.

अर्थिंग बघा
चार्जर वेगळा तपासा. लॅपटॉपपासून काढून नुसता बोर्डात ठेवा आणि कान जवळ न्या. तोच चिरकत असेल तर योग्य व्होल्ट-अँपिअरचा दुसरा लावून बघा. चार्जरला तीन पिना असून दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं असेल तर ते काढा. अर्थिंग नसेल तर धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात आणि हेडफोनमध्ये गुणगुण येते. मात्र हेडफोनमधली गुणगुण आणि बॉडीतून येणारा आवाज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

लूमशेजारी
पंखा नाही. माऊस हलवला की रेघ उडते, ब्राइटनेसने फरक नाही. चार्जर शांत आहे. कॉइलवर गरम ग्लू लावतात असं वाचलं, लावू का?

सोल्डरगन
नको. आताच्या बहुतेक कॉइल आतून घट्ट भरलेल्या असतात, वरून ग्लू लावून आतली थरथर फारशी कमी होत नाही. शिवाय तिथे तापमान ८० अंशांवर सहज जातं, तेवढ्यात ग्लू मऊ पडतो.

आधी सेटिंग बदला: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. बहुतेक इंटेल मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. गेमच्या मेनूत आवाज वाढत असेल तर फ्रेम रेट ६० वर बांधा.

बायोसमध्ये सी-स्टेट्स (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) बंद केल्या तर आवाज बऱ्याचदा पूर्ण जातो, कारण प्रोसेसरची झोपच बंद होते. पण नुसता पडून असतानाही लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. मे महिन्यात ४० अंशांच्या वर गेलेल्या खोलीत हा सौदा परवडत नाही. चाचणीपुरतं करा, म्हणजे आवाजाचं कारण पक्कं होईल, मग सी-स्टेट्स परत चालू करा.

तरीही असह्य असेल तर चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडून (बोर्डवरचे सुटे भाग बदलणाऱ्याकडून) कॉइल बदलून घ्या. मायक्रोहेन्री (कॉइलचं मूल्य), करंटची मर्यादा आणि आकार मूळ कॉइलइतकेच हवेत. नवी कॉइल वाजणार नाही याची खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही.

ब्रशवाला
आवाज पंख्याचा नसला तरी घर लूमशेजारी असल्याने पंखा उघडून साफ कराच. सुताचा भुसा पंखा आणि हीटसिंकच्या जाळीच्या मध्ये नमद्यासारखा बसतो. तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही, उलट जाळीत आणखी दाबला जातो. बंद करून आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पंख्याचे स्क्रू सोडवा, थर चिमट्याने उचला, मग मऊ ब्रश. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं. खोबरेल घालू नका, ते चिकट होतं.

लूमशेजारी
९९ केल्यावर चार्जरवरचा आवाज बराच कमी झाला. मागचं झाकण उघडलं, जाळीवर पांढरा थर आहेच. पंख्याच्या एका स्क्रूचा माथा झिजलाय, तो कसा काढू?

ब्रशवाला
माथ्यावर रुंद रबर बँड ठेवा, एक नंबर मोठा स्क्रूड्रायव्हर दाबून हळू फिरवा. ड्रिल लावू नका, धातूचा कीस बोर्डवर पडला तर शॉर्ट होईल.