घाटात गाडी तापली तर? अनुभव आणि उपाय लिहा

मे महिना, शनिवार सकाळ, खंबाटकीत बोनेट वर करून उभ्या गाड्यांची रांग. फियाट-अँबॅसिडरचे दिवस आठवले, तेव्हा डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. आता कॅन गेला, इंजिनाच्या तापमानाचा काटाही कोणी बघत नाही. तुम्ही काय करता ते लिहा.

चढणकर
काटा मधल्या खुणेच्या वर सरकला की एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता तेवढी आत ओढली जाते. चौथ्या गिअरमध्ये रेटू नका, दुसऱ्यात या. लाल पट्टीला टेकला किंवा वाफ दिसली तर कडेला घेऊन इंजिन बंद.

मावशी_ड्रायव्हर
मे महिन्यात हीटर 😂 सासूबाई मागे बसल्या असतील तर आधी त्यांना उतरवा.

गॅरेजवाला
हीटर लावून थंड हवा आली तर समजा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) संपलंय. मग पुढे एक किलोमीटरही नको. आणि काटा एकदम खाली पडला म्हणून खूश होऊ नका. पाणीच उरलं नाही की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं दाखवतो. तेवढ्यात इंजिनाचा वरचा ॲल्युमिनियमचा भाग, म्हणजे हेड, वाकतो.

नवशिका७
माझ्या गाडीला काटाच नाही, नुसता निळा नि लाल दिवा.

गॅरेजवाला
निळा म्हणजे इंजिन थंड. लाल म्हणजे थांबा, विचार नंतर.

चढणकर
रेडिएटरचं झाकण! अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. दाबाखाली पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी पाइप) दाबून बघा. मऊ आणि कोमट लागला तरच जाड फडकं धरून पाव आटा, फुस्स थांबू द्या, मग पूर्ण. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. बंद गाडीतही फॅन अचानक फिरतो, बोटं सांभाळा.

कोल्हापुरी_चप्पल
खंबाटकीच्या अलीकडे चहा कुठे बरा मिळतो? अर्धा तास थांबायचंच आहे तर.

मावशी_ड्रायव्हर
शिरवळला थांबा. वडापावही घ्या.

नवशिका७
फॅन चालू आहे की नाही कसं कळणार?

गॅरेजवाला
निघण्यापूर्वी, थंड गाडीत एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा फॅन सुरू होतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनचा विजेचा स्विच), शेवटी मोटर. हायवेला काटा ठीक आणि ट्रॅफिकमध्येच चढतो, तर बहुधा फॅनच. वेगातही चढला तर कूलंट, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप किंवा चिखलाने बुजलेली जाळी.

कोकणी_बंब
वाटेत साधं पाणी चालतं, पण घरी आल्यावर काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हिरव्यात लाल मिसळू नका, कधीकधी साका धरतो. पुन्हा पुन्हा पाणी कमी होतंय आणि खाली थेंब नाही? डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं समजा.

कोल्हापुरी_चप्पल
पुन्हा चहा आला बघा!