दादर–कुलाब्यात स्वस्त खाणं आणि साधा परमिट रूम: कुठे जावं?

प्रश्न: शनिवारी चार जण. दुपारी मराठी खाणं, संध्याकाळी साधा बार. झगमगाट नको. काय सुचवाल?

उत्तर १: दादर पश्चिमेला 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. वडा गार झाला की चिवट होतो, म्हणून चौघांत आधी दोनच प्लेट मागवा, संपल्यावर पुढच्या. मिसळीसाठी गडकरी चौकातलं 'आस्वाद'. एक ते दोन टाळा, रांग फार असते.

उत्तर २: मासे हवे असतील तर महिना बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हाचं पापलेट-सुरमई बहुधा बर्फातलं. त्या दिवसांत खाडीचे मासे किंवा सुक्या जवळ्याची चटणी घ्या, खरंच चांगली लागते. थाळीआधी सोलकढी चाखून बघा: नारळाचं दूध ताजं असेल तर बाकी स्वयंपाकावरही भरवसा ठेवता येतो.

उत्तर ३: बारसाठी कुलाब्यात ताजच्या मागचं 'गोकुळ'. अशा परमिट रूममध्ये एसी आणि बिनएसी भागाचे दर बहुधा वेगळे असतात, बसण्याआधीच कार्ड मागा. चौघांना ६० मिलीचे पेग महाग पडतात. १८० मिलीची क्वार्टर मागवा, सील समोर फोडायला सांगा. शेंगदाणे, चणे बिलात लागतात का, तेही विचारा. ड्राय डे आधी तपासा. बियर २१ वर्षांनंतर, व्हिस्की-रम २५ नंतरच.

प्रश्नकर्ता: गोकुळहून चर्चगेट चालत जमेल?

उत्तर ३: हो, वीस-पंचवीस मिनिटं.