अंधार चालेल, माणसं हवीत

'सायफाय मालिका हल्ली फार काळवंडल्यात, १९८७च्या स्टार ट्रेकसारखा उजेड हवा' हे एकाचं म्हणणं मला अर्धंच पटलं. द एक्सपान्स ही अंतराळातली मालिका काय कमी काळी आहे? पण पहिल्याच भागात शनीच्या कड्यांतला बर्फ सेरेस या लघुग्रहपट्ट्यातल्या वस्तीकडे नेणारं जहाज दिसलं आणि मी सावरून बसलो. आमच्या भुसावळात उन्हाळ्यात नळाचा दिवस बघून पाहुण्यांना बोलावतात; पाण्यासाठी भांडणारे बेल्टर, म्हणजे त्या पट्ट्यात राहणारी माणसं, लगेच घरचे वाटले.

स्टार ट्रेकमधल्या कॅप्टनच्या भाषणापेक्षा मला इंजिनाशी झटापट करणारा माणूस हवा. माझे काका रेल्वेच्या लोको शेडमध्ये, इंजिन दुरुस्तीला होते. हात ग्रीसने काळे, तोंडात शिव्या, डब्यात कळण्याची भाकरी नि ठेचा. इंजिन सुरू झालं की मात्र त्याला थोपटायचे. असा एकजण जहाजावर असू द्या, मग विश्व बुडालं तरी बघेन. सगळेच मख्ख चेहऱ्याने कुजबुजायला लागले, की तिसऱ्या भागात मी घोरतो.