टर्टल्सचा पहिला एनईएस गेम: घ्यावा का? आणि धरण कसं पार करायचं?

कासवछाप
टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्सचा, म्हणजे चार निन्जा कासवांचा, १९८९ चा एनईएस (निन्टेंडोचं घरचं गेमयंत्र) गेम. दोघांना खेळता येतो का? धरणात बॉम्ब निकामी करताना वेळ संपते, त्यावर काही उपाय? आणि आज विकत घ्यायचा तर कुठला?

खडूस_खेळाडू
दोघांना नाही. एका वेळी एकच कासव, स्टार्ट दाबून बदलायचं. कोनामीने त्याच वर्षी आर्केडवर चौघांनी मिळून खेळायचा गेम आणला, त्यामुळे घरच्या कॅसेटकडूनही लोकांनी तीच अपेक्षा धरली. कार्टूनमधले खलनायक बीबॉप, रॉकस्टेडी पहिल्याच टप्प्यात उरकतात. पुढे बेडूक, चेनसॉवाले, पेटलेली माणसं! यांचा टर्टल्सशी काय संबंध, देव जाणे. कव्हरवर तर चौघांच्याही डोळ्यांवरच्या पट्ट्या लाल.

पिक्सेलबुवा
धरणाचं गणित: ८ बॉम्ब, २ मिनिटं २० सेकंद. पाण्यात मारामारी नाहीच, म्हणून हत्याराचा उपयोग शून्य. राफाएल आणि मायकलअँजेलोला आधी उतरवा. राफाएलचं हत्यार, साई, अगदी आखूड, तो जायबंदी झाला तरी पुढे फारसं अडत नाही. डोनाटेलोला हात लावू नका. त्याची काठी लांब, जोरकस, वर-खालीही मारते. फळीखाली उभं राहून वरचा शत्रू टिपता येतो.

पोहताना ए बटण दाबून धरू नका, थोडं थोडं टिचकवा. बटण बडवलं की कासव थेट वरच्या विजेच्या शेवाळात. त्या गुलाबी शेवाळाच्या अरुंद बोळात घाई नडते. प्राण संपत आले की मरायच्या आत कासव बदला. मेलेलं कासव शत्रूच्या कैदेत जातं आणि ते पुढच्या टप्प्यांत शोधून सोडवावं लागतं.

खडूस_खेळाडू
+१. प्राण भरून देणाऱ्या पिझ्झाचंही लक्षात ठेवा: इमारतीतून बाहेर पडून पुन्हा आत गेलं की पिझ्झा परत जागेवर येतो. अर्थात शत्रूही येतात. पासवर्ड नाही, सेव्ह नाही, म्हणून धरणातून निघालात की पुढच्या टप्प्यात आधी सगळ्यांना खाऊ घाला.

कासवछाप
तिसऱ्या टप्प्याच्या गटारातली ती फट? उडी मारली की डोकं छताला लागतं आणि थेट पाण्यात.

पिक्सेलबुवा
उडी मारूच नका. सरळ चालत जा, कासव पलीकडे पोचतं. फट अरुंद आहे, छत मात्र ठेंगणं, म्हणून उडीच घात करते. डॉसच्या (जुन्या पीसीच्या) आवृत्तीत मात्र हीच जागा प्रामाणिकपणे पारच होत नाही, फसवेगिरीचा कोड लागतो. ती घेऊच नका.

साठपिनी
खरेदीचं: आपल्याकडच्या जुन्या टीव्ही गेममध्ये ६० पिनांची कॅसेट बसते, अमेरिकन एनईएसची ७२ पिनांची. मध्ये कन्व्हर्टर लागेल. जपानी कॅसेट थेट बसते, पण मजकूर जपानी. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. फुंकर मारू नका, थुंकीची ओल पिनांना गंज आणते.

खडूस_खेळाडू
एवढी खटपट कशाला? २०२२ चं काउबंगा कलेक्शन घ्या. १३ गेम आहेत, हाही त्यात, सेव्ह आणि रिवाइंडसकट (खेळ मागे नेऊन चूक सुधारता येते). दोघांना खेळायचं असेल तर त्यातच १९९० चा दुसरा भाग लावा, आर्केडचीच घरगुती आवृत्ती. पहिल्या भागात शेवटी मुख्य खलनायक श्रेडरच्या बंदुकीची एकच गोळी लागली की ते कासव खलास, तेव्हा रिवाइंडला नाकं मुरडू नका.

कासवछाप
कलेक्शनच घेतो. डोनाटेलो राखीव.